पाणी कुठनं आणलं?

पॅरिसहून लिओंकडे हायवेनं निघालं की अर्धी वाट ओलांडल्यावर डाव्या हाताला टेकडीच्या टोकावर एक किल्ला दिसतो, टोकदार छपरांचा, गोल बुरुजांचा. गाडीतली सगळी माणसं एकदम तिकडे बघतात, कोणीतरी मोबाईल काढेपर्यंत झाडं मध्ये येतात आणि संपलं. किल्ल्याचं नाव शातोनफ. फ्रान्सला आलेल्या कितीतरी मराठी मंडळींनी तो असाच पाहिलेला असेल. मीही बरीच वर्षं तेवढाच पाहिला होता. पण त्याच्या पायथ्याशी एक कालवा आहे, कालव्याच्या बाजूला एक मोठं तळं आहे, आणि ह्या सगळ्यातून चालत जायला सोपी, सपाट, झाडांच्या सावलीतली वाट आहे. ती वाट चाललात की कळतं की हे तळं, कालवा, गाव आणि किल्ला अशी चार सुट्टी चित्रं नाहीयेत, प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी गरजेपोटी तिथे आलीय. आणि हे मला बाबांमुळे कळलं हे आधीच सांगते, कारण त्यांनी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलंय, नीरेच्या कालव्यावर, आणि त्यांना कुठलंही पाणी दिसलं की ते नुसतं बघत बसत नाहीत, हे आलं कुठनं आणि चाललंय कुठे हे विचारतात.

बाबा उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला आले होते. पॅरिस, आयफेल टॉवर वगैरे झालं होतं, आणि त्यांना गर्दीचा कंटाळा आला होता, मग म्हटलं चला बर्गंडी प्रांतात जाऊ, चालायला. आम्ही सुरुवात केली पुयी नावाच्या छोट्या गावापासून.

हे पुयी दिसायला अगदी साधं आहे, पण जागा भारी आहे. आपल्याकडे महाबळेश्वरला पडलेल्या पावसाचा एक वाटा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो आणि दुसरा सावित्रीतून अरबी समुद्राला, तसं इथे तीन दिशांना होतं. इथल्या आर्मांसों नदीचं पाणी योनमधून सेनला मिळतं आणि पॅरिसवरून इंग्लिश खाडीत जातं. पलीकडच्या अंगाला वांदनेस नदीचं पाणी ऊश, मग सोन, मग रोन करत भूमध्य समुद्रात. आणि थोडं दक्षिणेला आरू नदी उगवते ती ल्वारला मिळून अटलांटिक महासागरात. म्हणजे ही उंच जागा आहे, डोंगर म्हणावा असा डोंगर कुठेच दिसत नाही, नुसती लांबच लांब कुरणं, त्यात पांढऱ्या शारोले गायी रवंथ करतायत, पण उंची आहे. आणि नेमक्या ह्याच उंचवट्यावरून माणसांनी बोटी न्यायचं ठरवलं.

बर्गंडी कालवा 242 किलोमीटर लांब आहे. योन नदीपासून सोन नदीपर्यंत, म्हणजे उत्तरेच्या समुद्राला आणि दक्षिणेच्या समुद्राला फ्रान्सच्या पोटातून जोडायचं हे स्वप्न. काम सुरू झालं 1775 च्या सुमारास, मग राज्यक्रांती झाली, पैसे संपले, युद्धं झाली, काम थांबलं, परत सुरू झालं, आणि शेवटी 1832 मध्ये पहिल्यांदा बोटी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. ज्यांनी पहिलं कुदळ मारलं असेल त्यातलं क्वचितच कोणी तो दिवस बघायला उरलं असेल.

कालव्याच्या काठानं चालायला लागलो तर बाबा पंधरा-वीस मिनिटं काही बोललेच नाहीत, नुसते पाण्याकडे बघत चालले होते, आणि मग एकदम थांबून म्हणाले, "अगं, पण ह्याला उतारच नाही."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग त्यांनी समजावलं. आपला कालवा म्हणजे वाहतं पाणी. धरणातून आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की ते हेडपासून टेलपर्यंत, कालव्याच्या तोंडापासून शेवटच्या शेतापर्यंत, आपलं आपण गेलं पाहिजे, त्यासाठी कालव्याला अगदी थोडा पण सतत उतार द्यावा लागतो, किलोमीटरला काही सेंटिमीटर, आणि त्या सेंटिमीटरसाठी सर्व्हेवाले महिनोन्महिने डोंगर पालथे घालतात. हा कालवा उलटा. ह्यातलं पाणी वाहायचं नाहीये, उभं राहायचंय. इथे पाणी शेतात नाही न्यायचं, पाण्यावर बोट ठेवायचीय. म्हणून एक सपाट टप्पा, मग लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद, ज्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात, मग दुसरा सपाट टप्पा, मग लॉक, असा तो चढतो आणि उतरतो. योनच्या बाजूला 113 लॉक आणि सोनच्या बाजूला 76, मिळून 189. पुयीचा टप्पा सगळ्यात वरचा, समुद्रसपाटीपासून 378 मीटरवर.

आणि त्या वरच्या टप्प्यालासुद्धा उंचवटा ओलांडता आला नाही म्हणून त्याच्या पोटातून बोगदा काढलाय, 3,333 मीटर लांबीचा. बोगद्यात काठानं चालायची वाट नाही, एका वेळी एकाच दिशेनं बोटी जातात. बाहेर कालव्यात घोडे बोटी ओढायचे, बऱ्याचदा माणसंच छातीला पट्टा लावून ओढायची, पण बोगद्यात घोडा जाणार कुठून? तर घोडे वरून, बोगद्याच्या डोक्यावरच्या रस्त्यानं, चालत पलीकडे जायचे आणि बोटीवरची माणसं आतल्या अंधारात भिंतीच्या साखळ्या धरून धरून बोट पुढे सरकवायची. तीन किलोमीटरच्या वर. मग 1867 मध्ये वाफेवर चालणारी ओढबोट आली, पाण्याच्या तळाशी टाकलेली साखळी गिळत गिळत ती पुढे जायची आणि मागे बोटींची माळ. पण अरुंद बोगद्यात वाफेच्या इंजिनाचा धूर, आतल्या माणसांचं काय होत असेल विचार करा. 1893 मध्ये ती विजेवर आली, आणि ती वीज तयार व्हायची वरच्या टप्प्याच्या दोन्ही टोकांना लॉकवरून खाली पडणाऱ्या पाण्याच्या टर्बाइनवर. हे ऐकून बाबा भलतेच खूश झाले. ती जुनी ओढबोट आता पुयीला ठेवलीय, तिच्यावर शिगेरू बान ह्या जपानी आर्किटेक्टनं पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून छत उभारलंय. हो, पुठ्ठ्याच्या. तिथे जरूर थांबा.

बोगद्याच्या डोक्यावरची ती घोड्यांची वाटही चालता येते. सरळ रेषेत झाडं आणि अधूनमधून हवा आत जायला खणलेल्या विहिरींची गोल तोंडं. आपण वरून चालतोय आणि पायाखाली कालवा आहे हे फक्त त्या विहिरींवरून कळतं.

बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला कालवा परत उजेडात येतो आणि एस्कोमपासून सोनकडचा उतार सुरू होतो. लॉकच्या बाजूला लॉकवाल्याचं छोटंसं घर, दारावर लॉकचा नंबर आणि पुढचा-मागचा लॉक किती लांब आहे त्याची पाटी, खिडकीत लाल जिरेनियम, परसात लसणीचा आणि बीन्सचा वाफा. बरीचशी घरं आता बंद आहेत. उन्हाळ्यात कॉलेजची मुलं हे काम करतात, एकेका मुलाकडे चार-पाच लॉक असतात आणि बोट जशी पुढे जाईल तसं स्कूटरवरून बोटीच्या पुढे जाऊन पुढचा लॉक तयार ठेवायचा.

एक लॉक आम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खालून एक भाड्याची बोट आली, वर एक आजी-आजोबा, कोणत्यातरी उत्तरेकडच्या देशातले असावेत. मुलगी स्कूटरवरून उतरली, बोट आत आल्यावर हँडल फिरवून खालची दारं लावून घेतली. दारं सरळ रेषेत मिटत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, इंग्रजी व्ही सारखी, म्हणजे वरच्या पाण्याचा दाब जितका जास्त तितकी ती एकमेकांवर घट्ट बसतात, कडी-कोयंडा काही नाही. मग तिनं वरच्या दारांच्या तळाशी असलेल्या झडपा हळूहळू उघडल्या. आधी नुसता एक फुगवटा आला पाण्याला, मग भोवरे, मग सगळं पाणी दुधासारखं फेसाळलं आणि बोट दगडी भिंतीवरचं शेवाळ एकेक वीत मागे टाकत वर यायला लागली. आजी दोर धरून बसल्या होत्या आणि बोट वर येईल तसा ढील ओढून घेत होत्या. काही मिनिटांत त्यांचं डोकं आमच्या पायाशी होतं ते आमच्या डोक्याच्या लेव्हलला आलं आणि त्यांनी आम्हाला बोंजूर केलं. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्यावर, त्याआधी कितीही जोर लावा, हलत नाही, ते अजस्त्र दार त्या मुलीनं एकटीनं उघडलं.

बाबांनी लॉकची लांबी पावलांनी मोजली होती. 39 मीटर लांब, साधारण 5 मीटर रुंद, आणि उंचीचा फरक अडीचेक मीटर धरला तर एका वेळी 500 घनमीटर पाणी. म्हणजे पाच लाख लिटर. दहा हजार लिटरचे 50 टँकर. आता एक बोट ह्या बाजूनं चढून वरचा टप्पा ओलांडून त्या बाजूला उतरली तर चढताना वरच्या टप्प्यातलं एक लॉकभर पाणी खाली जातं आणि उतरताना अजून एक. म्हणजे एका बोटीमागे डोंगरमाथ्यावरचे 100 टँकर. तेच पाणी खालच्या लॉकना परत परत कामाला येतं हे खरं, पण वर ते परत येत नाही. डोंगरमाथ्यावर नदी नाही, असतील त्या झऱ्यासारख्या. मग हे पाणी कुठनं आणलं?

तर त्यासाठी तळी आहेत. ह्या कालव्याला पाणी पुरवायला सहा तलाव बांधलेत, ग्रोबुआ, सेर्से, शाझिई, तिलो, पाँतिए, आणि लांब उत्तरेकडे पाँ. बहुतेक 1830 च्या दशकातले. त्यातल्या काहींचं पाणी टेकड्यांच्या कडेकडेनं चर खणून, पार वळसे घालत, वरच्या टप्प्यापर्यंत आणलंय, आणि त्या चरांच्या काठानंही आता पायवाटा झाल्यात. तिथे बाबांच्या ओळखीचा उतार आहे बरं का, अगदी नीरेसारखा, बघितल्या बघितल्या ते म्हणाले, "हां, हा आपला कालवा."

वांदनेस गावाच्या वर पाँतिएचं तळं लागतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते कायम तिथेच असल्यासारखं वाटतं, काठाला लव्हाळी आणि वाळुंज, उथळ पाण्यात राखाडी बगळे, मध्ये शिडाच्या होड्या, एका बाजूला कँपिंग आणि पोरं पाण्यात डुंबतायत. तळ्याला फेरी मारायला आरामात दोनेक तास लागतात, आणि फेरी मारता मारता एका बाजूला तुम्ही धरणाच्या भिंतीवर येता, सरळसोट, गवत वाढलेली. तिथे बाबा खाली बसले. पाण्याकडच्या अंगाला लावलेले दगड बघत, हात लावून, ह्या दगडाची चाल कशी आहे, फट कशी भरलीय. मला म्हणाले, लाट रोज थोडी थोडी माती नेते, ती न्यायला नको म्हणून हे लावलेत, आणि हे ज्यानं लावलेत त्यानं मन लावून लावलेत. जवळपास दोनशे वर्षं झाली, पोरं त्यावर टॉवेल वाळत घालतायत.

पण तळ्याच्या कडेला पाण्याच्या रेषेच्या वर सुकलेल्या चिखलाचा रुंद पट्टा होता. अलीकडच्या कोरड्या उन्हाळ्यांत इथे पाणी पुरेनासं झालंय, कालव्याच्या काही भागांत बोटी बंद ठेवायची वेळ आलीय. हिवाळ्यात बर्फ आणि पाऊस कमी, उन्हाळा जास्त कडक, आणि जुना कालवा झिरपतो तो वेगळाच. बाबांनी लगेच विचारलं की मग आवर्तन कोण ठरवतं, आधी पिण्याचं, मग शेतीचं, मग बोटींचं असंच ना? पण इथे कालव्यावर शेती जवळजवळ नाहीच. पूर्ण वाटेवर एक मोटर, एक पाईप कालव्यात टाकलेला दिसला नाही. कुरणं पावसावर हिरवी आहेत. बाबांच्या नोकरीतला निम्मा वेळ टेलच्या लोकांची निवेदनं आणि हेडजवळच्या चोरून लावलेल्या मोटरी ह्यात गेला, त्यांना हे बघून काय वाटलं असेल ते त्यांनी काही सांगितलं नाही, पण बराच वेळ त्या भिंतीवर बसून होते. मला स्वतःला वाटतं की ही तळी आणि कालवा जपायला हवा, बोटी चार कमी गेल्या तरी चालतील. कालवा कोरडा पडला की त्याच्या तळाची चिकणमाती तडकते आणि मग परत पाणी धरत नाही, काठची झाडं, बगळे, लॉकची ती घरं सगळंच एकमेकांवर उभं आहे.

ह्या कालव्याची खरी मालवाहतूक कधीच संपली. लाकूड, दगड, वाईन, कोळसा असं सगळं त्यावरून जायचं. पण पॅरिस–दिजों रेल्वे 1851 मध्ये सुरू झाली. सत्तावन्न वर्षं खपून बांधला आणि एकोणीस वर्षांत रेल्वे आली. तरी शंभर वर्षांहून जास्त काळ मालाच्या बोटी चालल्याच.

वांदनेसहून शातोनफचा चढ सुरू होतो, शंभरेक मीटरचा. झाडांवर, कुंपणाच्या खांबांवर पिवळ्या रंगाची पट्टी असते, ती दिसली की बरोबर चाललाय, फुली दिसली की ह्या वाटेनं नाही. लांब पल्ल्याच्या वाटांना पांढरी आणि लाल अशी जोडपट्टी असते. हे सगळं रंगवणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक असतात, आणि मला हे फार मोठं काम वाटतं, आपल्याकडे गडवाटांवर बाण काढणारी पोरं करतात तसंच. चढ पाऊण तासात संपतो, बाबांनी दोनदा थांबून पाणी प्यायलं, आणि कमान ओलांडून गावात शिरलो.

गाव म्हणजे एक मोठी गल्ली आणि दोन-चार बोळ, राहणारी माणसं शंभराच्या आत. पण घरं बघा. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची, दगडी चौकटीच्या खिडक्या, दारावर कोरलेल्या कमानी, कोपऱ्यात जिन्याचा गोल मनोरा. एवढ्याशा गावात एवढे व्यापारी कशाला? कारण खालून दिजोंकडून ओताँला जाणारा रस्ता जातो, आणि रस्त्यावर नजर ठेवायला वर किल्ला, आणि किल्ल्याच्या सावलीत बाजार. बाजाराचा जुना लाकडी मांडव अजून आहे. म्हणजे कालवा यायच्या कितीतरी आधीपासून ह्या खोऱ्यातून माल जातोय, आधी बैलगाड्या, मग बोटी, आणि आता हायवे, त्याची घरघर किल्ल्यापर्यंत ऐकू येते. मला तो आवाज खटकला नाही. तो तिथलाच आहे, ज्या कारणासाठी किल्ला तिथे आहे त्याच कारणासाठी हायवे आहे.

किल्ला बाराव्या शतकातला, पुढे पंधराव्यात वाढवलेला. मूळ घराण्यातली शेवटची कातरीन, तिच्यावर दुसऱ्या नवऱ्याला विष घातल्याचा खटला झाला आणि 1456 मध्ये तिला जाळून मारलं. मग बर्गंडीच्या ड्यूकनं, फिलिप द गुडनं, किल्ला आपल्या विश्वासातल्या फिलिप पो ह्या सरदाराला दिला. आज आपण बघतो त्या राहत्या दालनांवर, मोठ्या शेकोट्यांवर, चॅपेलवर त्याचीच छाप आहे. तटावरून खाली बघितलं की पाँतिएचं तळं, कालव्याची चकचकीत रेघ आणि लांब क्षितिजावर मोर्वांचे काळसर डोंगर, सगळं एकदम दिसतं. बाबांनी तिथून बोटानं दाखवत पाण्याचा सगळा रस्ता मला परत सांगितला.

पण मी तटापेक्षा चॅपेलमध्ये जास्त वेळ थांबले. तिथे फिलिप पोच्या थडग्याची प्रतिकृती आहे. चिलखत घातलेला पो पाठीवर झोपलाय, हात जोडलेले, आणि ज्या शिळेवर तो झोपलाय ती शिळा आठ माणसांनी खांद्यावर घेतलीय. काळे झगे, डोक्यावरून ओढलेले काळे टोप, चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. खांद्याला भार लागल्यावर मान कशी एका बाजूला कलते, पाऊल कसं जड पडतं, ते सगळं त्या कपड्याच्या चुण्यांमधून कळतं. तिरडीला खांदा दिलेल्या माणसाला हे बघून आतून काहीतरी हलतं. बाबांनी टोपी काढली.

हा पो नुसता ड्यूकचा मर्जीतला माणूस नव्हता. ड्यूकांचं राज्य 1477 मध्ये संपलं, तो फ्रान्सच्या राजाकडे गेला, आणि 1484 मध्ये तूर शहरात सगळ्या प्रांतांच्या प्रतिनिधींची सभा भरली, राजा वयानं लहान होता आणि कारभार कोणी बघायचा हा वाद होता, तेव्हा हा उभा राहिला आणि म्हणाला की राजेपण हा वारसा नाही, ती जबाबदारी आहे, आणि मुळात राजे लोकांनी केले, लोकांच्या संमतीनं. राज्यक्रांतीच्या तीनशे वर्षं आधी. आणि हे बोलणारा माणूस स्वतः त्या डोंगरावरच्या किल्ल्याचा मालक होता.

मूळ थडगं सितोच्या मठात होतं, ते आता पॅरिसला लूव्रमध्ये आहे. जाणार असाल तर रिशेल्यू विंगमध्ये फ्रेंच शिल्पांच्या दालनात विचारा, मोनालिसाची गर्दी दुसऱ्या विंगमध्ये असते त्यामुळे इथे निवांत बघता येतं. जवळ जाऊन त्या आठ जणांच्या हातातल्या ढाली नीट बघा, प्रत्येकीवर वेगळं चिन्ह आहे, पोच्या पूर्वजांच्या घराण्यांचं.